पहिलं वाटण

"टाकीऽऽय! पाट्यालाऽ टाकीऽऽय!"

दुर्गव्वाची हाक गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा मी ओट्यापाशी चहा गाळत होतो आणि आतल्या खोलीत कुमुद बॅग भरत होती. संध्याकाळी तिचा भाऊ श्रीरंग निपाणीहून गाडी घेऊन येणार होता. बहिणीला तो किती दिवसांसाठी नेणार हे त्यानं फोनवर सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. "जरा बदल होईल, भावोजी," एवढंच तो म्हणाला होता. बदल म्हणजे काय ते आम्हा तिघांनाही कळत होतं. कुमुद एकदा या घरातून बाहेर पडली की तिला परत यायचं काही कारण उरलं नव्हतं. आणि तिला थांबवायला माझ्याकडेही काही नव्हतं.

आमची मुलगी त्या पावसाळ्यात गेली. पुण्यात शिकत होती. ताप आला, डेंग्यू निघाला, आणि कराडहून आम्ही पोचलो तेव्हा ती आम्हाला ओळखत नव्हती. एकुलती एक. पुढचं सगळं लोकांनी केलं. आम्ही दोघं फक्त जिथे बसवलं तिथे बसत होतो. त्यानंतर गणपती झाले, दिवाळी झाली, आणि या सगळ्यात आम्ही तिचं नाव एकदाही उच्चारलं नाही. असं काही ठरवलं नव्हतं. सुरुवातीला जमलं नाही, मग जमेनासंच झालं.

रडूही येत नव्हतं. माझं मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. कधी कधी गिऱ्हाईक येऊन सांगतं, मोटर फिरते, आवाज येतो, पण भांड्यातलं पातं जागचं हलत नाही. मधला कपलर तुटलेला असतो. माझं तसं झालं होतं. दुकान उघडत होतो, जेवत होतो, गिऱ्हाइकाशी हसून बोलत होतो. आत काहीच फिरत नव्हतं.

"अहो, चेन लागत नाहीये. बघता का?" कुमुदनं आतून विचारलं.

मी चहाची भांडी तशीच ठेवून गेलो. बॅग छोटीच होती, आमच्या महाबळेश्वरच्या सहलीत घेतलेली. चेन ओढून लावली आणि दाराशी ठेवावी म्हणून उचलली, तर खांदा खाली गेला. चार साड्यांचं एवढं वजन कसं, असा विचार मनात आला आणि निघून गेला. त्या दिवसांत विचार असेच येऊन जायचे. मी बॅग दाराशी ठेवली.

"दुर्गव्वा आलीय," मी म्हटलं.

"ऐकलं."

"सांगू तिला, नको म्हणून?"

कुमुद खाटेवरच्या चादरीची सुरकुती सरळ करत होती. "तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली.

आमच्या घरच्या पाट्याचा इतिहास गल्लीला पाठ होता. बाहेर 'शेवाळे मिक्सर सेंटर' असा बोर्ड आणि आत मिक्सरवाल्याची बायको पाट्यावर चटणी वाटतेय, याच्यावरून माझी इतकी टिंगल व्हायची की विचारू नका. शेजारचे कुलकर्णी तर गिऱ्हाइकांना खुशाल सांगायचे, "मिक्सर घ्या, पण त्यांच्या घरी जेवायला गेलात तर पाट्यावरचंच मागा." मी घरात एकाहून एक मिक्सर आणून ठेवले. कुमुद त्यांच्यावर क्रोशाचं कापड घालून वर प्लॅस्टिकची फुलं ठेवायची. पोरगी म्हणायची, "बाबा, आई तुमच्या मिक्सरला सवतीसारखं वागवते." कुमुदचं म्हणणं एवढंच होतं की मिक्सर लसूण कापतो, पाट्यावर लसूण वाटली जाते, आणि दोन्हींत काय फरक आहे हे ज्याच्या जिभेला कळत नाही त्याच्याशी तिला वाद घालायचा नाही. पाटा तिच्या माहेरचा, काळ्या दगडाचा. मध्ये जरा खोलगट झालेला. वर्षातून एकदा, दिवाळी झाली की दुर्गव्वा येऊन त्याला टाकी लावून जायची. वापरून वापरून दगड गुळगुळीत होतो, मग त्यावर वाटण सरकतं, वाटलं जात नाही. छिन्नीनं त्याला पुन्हा बारीक टोचे मारून खरखरीत करावं लागतं.

त्या पावसाळ्यानंतर कुमुदनं पाटा वापरला नव्हता. एका सकाळी मी उठलो तर स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज आला. माझ्यासारख्याला खरं तर त्या आवाजानं बरं वाटायला हवं होतं. मी अंथरुणात पडून राहिलो आणि तो बंद होण्याची वाट बघितली.

दुर्गव्वा दारात आली तीच बोलत. "मालक, गुडगं लई दुकत्यात बगा. औंदा माज्या सुनंला धाडनार हुते, पर तिचा हात कच्चा हाय. तुमच्या वैनी कच्चं काम चालवून घ्यायच्या न्हाईत. कुटं हाईत वैनी?"

"आत आहे."

"आन पाटा?"

तिला नको म्हणायला एक वाक्य लागलं असतं. पण ते वाक्य सुरू केलं की मागचं सगळंच सांगावं लागलं असतं. मी मुकाट्यानं कोपऱ्यातला पाटा ओढत मागच्या दारी आणला. दुर्गव्वानं पदर नाकावरून घेऊन मागे खोचला, पाट्यावर पाण्याचा हबका मारला आणि बसली. हातोडीचे ठोके सुरू झाले. टक टक टक, एका लयीत, तिरक्या रांगेत. दगडाची पांढरी भुकटी उडायला लागली. ती डोळे बारीक करून मान एका बाजूला कलती ठेवायची, आणि तरीही बोलायची.

"औंदा पाटा लई चिकना न्हाई झाला. कमी वापरलाय व्हय?"

"हो."

"मिक्सर लावला का काय वैनीनं?" ती खुदकन हसली. "तुमी जितला मनायचं मग."

मी पायरीवर बसून होतो. तिची एक रांग संपली की दुसरी सुरू व्हायची. मला तो आवाज ऐकायला बरा वाटत होता का, हे मी स्वतःला विचारून बघितलं. नुसतं ऐकत बसलो.

"ताई कुटं हाय?" दुर्गव्वानं विचारलं. "पुन्यालाच? सुट्टीला न्हाई आली व्हय?"

तिला उत्तराची घाई नव्हती.

"मासा काढू न्हवं? न्हाई काढला तर भांडंल माज्याशी."

पाट्याच्या वरच्या टोकाला, जिथे वाटण पोचत नाही तिथे, या बायका काही ना काही काढतात. कुणी सूर्य काढतं, कुणी स्वस्तिक. आमची पोरगी लहान असताना दुर्गव्वाच्या पुढ्यात उकिडवी बसून राहायची, आणि एकदा तिनं हट्ट धरला की मासा काढ. त्यानंतर दर वर्षी मासाच. कॉलेजात गेल्यावरसुद्धा ती फोन करून आईला विचारायची, मासा काढला का.

"काढ," मी म्हटलं.

तिनं मासा काढला. आधी पाठीची रेघ, मग पोट, मग शेपूट, आणि अंगावर खवल्यांचे बारके टोचे. डोळ्यासाठी तिनं छिन्नी उभी धरून एकच ठोका मारला. पदरानं भुकटी पुसली, पाणी टाकलं, तळहात पाट्यावरून वर-खाली फिरवला.

"झाला. वरवंटा आना आता. त्येला बी जरा मारते आन वाटून बगते."

मी आत गेलो. वरवंटा कोपऱ्यात नव्हता. ओट्याखाली नव्हता, फळीवर नव्हता, सिंकखालच्या बादलीमागेही नव्हता. दगड कुठे हरवतो का कधी? मी पुन्हा कोपऱ्यात येऊन भिंतीवरचा पाट्याचा जुना डाग बघत उभा राहिलो.

"काय शोधताय?" कुमुद दारात उभी होती.

"वरवंटा. दुर्गव्वा मागतेय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर बाहेरच्या दाराकडे गेली, बॅगेकडे. मला बॅगेचं वजन आठवलं.

"तो मी नेतेय," ती म्हणाली.

"निपाणीला?"

"हो."

"त्यांच्याकडे नाही का पाटा?"

बाहेरून दुर्गव्वा ओरडली, "मालक, घावला का न्हाई? ऊन व्हाया लागलंय!"

कुमुद बॅगेपाशी गेली, खाली बसली आणि चेन उघडली. साड्या बाजूला केल्या. तळाशी एक पिवळं दुपटं होतं, कडेला लाल गोट शिवलेलं, धुऊन धुऊन विटलेलं. तिनं ते दोन्ही हातांनी उचललं. एक हात खालून, एक वरच्या टोकाला. लहान मूल उचलतात तसं. मान सांभाळून.

ते दुपटं मी ओळखलं. मुलीच्या बारशाला पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या आणि आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे बाळाच्या आधी वरवंट्याचा मान होता. त्याला कुंकू लावलं, याच दुपट्यात गुंडाळलं आणि पाळण्याच्या वरून-खालून एकीनं दुसरीच्या हातात दिलं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मग तो पाळण्यात निजवला आणि त्याच्या शेजारी बाळ. पोर दगडासारखं टणक निघावं, म्हणून. मी तेव्हा दाराशी उभा राहून ओरडलो होतो, "थोरले चिरंजीव जरा काळेच निघाले की!" सगळ्या बायका हसल्या होत्या. कानांवर बाळंतिणीचा रुमाल बांधलेली कुमुद सगळ्यांत जास्त हसली होती. मग माझी बहीण पाळण्यात वाकली, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं.

त्यानंतर तो वरवंटा पुन्हा पाट्यावर गेला आणि वर्षानुवर्षं आम्ही त्यानं वाटलेलं खाल्लं. मी ते सगळं विसरून गेलो होतो. कुमुद विसरली नव्हती. ती घर सोडून चालली होती आणि पाळण्यातल्या दोघांपैकी जो उरला त्याला बरोबर नेत होती.

मला हे समजलं. समजूनही आत काही हललं नाही. मी फक्त तिच्यासाठी मागचं दार उघडं धरलं.

कुमुदला बघून दुर्गव्वाचा चेहरा खुलला. "आल्या का वैनी! किती वाळलासा. आन ह्ये काय, दुपटं?" तिचे डोळे चमकले. "काय गोड बातमी हाय का काय? ताईचं लगीन गुपचूप उरकलं व्हय?"

"ती गेली, दुर्गव्वा," कुमुद म्हणाली. "पावसात गेली. डेंग्यूनं."

ते वाक्य आमच्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं. मी पायरीवर उभा होतो. शेजाऱ्यांच्या गच्चीवर कुणीतरी गादी झोडपत होतं.

दुर्गव्वाच्या हातातली छिन्नी खाली आली. तिनं आधी कुमुदकडे बघितलं, मग पाट्यावरच्या ओल्या माशाकडे, आणि मग वळली ती थेट माझ्यावर. "आन तुमी मला मासा काढाय लावला? सांगाया नको व्हय, मालक? मी आपली वटवट वटवट करती... तोंडाला काय झालं हुतं तुमच्या?"

"सांगता आलं नाही," मी म्हटलं.

"असू दे," कुमुद म्हणाली. ती खाली बसून मासा बघत होती. "चांगला आलाय. मागच्या वर्षी शेपूट आखूड झालं होतं. ती म्हणाली होती."

"म्हनाली हुती," दुर्गव्वा म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं. मग हात पुढे केला. "द्या."

कुमुदनं दुपट्याचे पदर एकेक करून सोडले. उघडा वरवंटा तिच्या मांडीवर आला, काळा, दोन्ही टोकांना झिजलेला. तिनं तो दुर्गव्वाच्या हातात दिला, पण आपला हात लगेच काढून घेतला नाही.

दुर्गव्वानं त्याला पायाच्या अंगठ्यांच्या मध्ये पकडलं आणि पहिला ठोका मारला.

"हळू," कुमुद म्हणाली.

"दगड हाय, वैनी."

"माहीत आहे मला. तरी हळू मार."

दुर्गव्वानं मान हलवली. तिनं छिन्नी बदलली, पिशवीतून बारकी काढली आणि इतक्या हलक्या हातानं मारू लागली की ठोका ऐकायला कान द्यावे लागत होते. वरवंटा फिरवत फिरवत तिनं सगळीकडून टोचला. त्या सबंध वेळात ती एक शब्द बोलली नाही, आणि दुर्गव्वा गप्प बसलेली मी तेवढीच एकदा पाहिली. काम झाल्यावर तिनं दोन्ही दगड धुतले, वरवंटा पाट्यावर ठेवला, मी दिलेला गार चहा एका घोटात प्यायली आणि सामान आवरलं. निघताना कुमुदच्या डोक्यावरून हात फिरवून तिनं बोटं आपल्या कानशिलावर मोडली.

"पैलं वाटन टाकून द्या बरं का," ती दारातून म्हणाली. "कच आसती. मूठभर तांदूळ वाटा आन कोंबड्यांस्नी घाला."

हे कुमुदला सांगायची गरज नव्हती. एरवी कुमुद पहिलं सोडाच, दुसरंही वाटण टाकायची, आणि तिसऱ्याला बोटावर घेऊन दाताखाली धरून बघायची. दगडाचा एक कण लागला तरी सगळं धुऊन पुन्हा. पोरगी तर पुढचा आठवडाभर संशयानंच चटणीला हात लावायची.

मी पाटा आत नेऊन जागेवर ठेवला. वरवंटा कुमुदनं आणला. तो पुन्हा बॅगेत जाईल असं मला वाटलं, म्हणून मी बाहेरच्या खोलीत जाऊन पेपर उघडला. एक ओळही वाचली नाही.

थोड्या वेळानं आवाज आला. घर्रर्र, मग थांबून पुन्हा घर्रर्र. नव्यानं टाकी लावलेल्या पाट्याचा आवाज जाडा असतो. बांगड्या वाजत होत्या. मध्येच लसणीचा वास आला. मी पेपर तसाच तोंडासमोर धरून बसलो.

"पानं घेतलीत," ती म्हणाली.

भाकरी होती, सकाळचं पिठलं होतं आणि ताटात डाव्या बाजूला चटणी. शेंगदाण्याची, ओलसर, पाट्यावरची. मी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात घातला.

कच्च.

दगड. दाताखाली सरळ दगड आला. मी चावायचा थांबलो. समोर कुमुदही थांबली होती. मग तिनं पुन्हा चावायला सुरुवात केली आणि मला ते ऐकू आलं, तिच्या तोंडातली कचकच. मीही चावलं.

"पहिलं वाटण टाकायचं असतं ना?" मी विचारलं.

"हो."

"मग?"

तिनं ताटाकडे बघितलं. "आज टाकवेना," ती म्हणाली.

मी दुसरा घास घेतला. पुन्हा कच्च. डोक्याच्या आत आवाज होत होता, दाढा शिवशिवत होत्या. इतक्या महिन्यांत तोंडात घातलेल्या कशाचीही मला अशी जाणीव झाली नव्हती.

"ती असती तर थुंकली असती," मी म्हटलं.

"आधी ओरडली असती."

"मग थुंकली असती. ताटातच."

"आणि वर तुम्ही तिची बाजू घेतली असती," कुमुद म्हणाली. "एक मिक्सर काढून दिला असता."

मी हसलो असेन. आवाज हसण्यासारखा आला. पण तो हसण्यासारखा राहिला नाही, आणि मला काही दिसेना. मी बाहीनं डोळे पुसले.

"तिखट झालीय," मी म्हटलं.

"मिरची घालायचीच विसरलेय मी," कुमुद म्हणाली.

तिनं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. तीही रडत होती, भाकरी हातात तशीच धरून, आवाज न करता. आम्ही ती सगळी चटणी संपवली.

श्रीरंग ऊन उतरल्यावर आला. चहा झाला, रस्त्याच्या कामांबद्दल बोलणं झालं. कुमुदनं साडी बदलली आणि चपला घातल्या. ती थांबेल असं माझ्या मनात दुपारपासून येत होतं, पण मी ते बोललो नाही आणि ती थांबली नाही. श्रीरंगनं दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि ती झटकन वर आली.

"ताई, हिच्यात काही भरलंयस की नाही?" त्यानं विचारलं.

मी कुमुदकडे बघितलं. ती चपलेचा बंद लावत होती.

गाडीत बसल्यावर तिनं काच खाली केली. "वरवंटा पाट्यावर उभा ठेवलाय का तुम्ही?"

"हो. का?"

"आडवा ठेवा. पडतो. आणि उघडा नका ठेवू. ओट्यावर दुपटं ठेवलंय. मी येईपर्यंत तेवढं बघा."

गाडी गेली. मी आत आलो. स्वयंपाकघरात अजून लसणीचा वास होता. दुपट्याची घडी ओट्यावर होती. मी वरवंटा दोन्ही हातांनी उचलला, पाट्यावर आडवा ठेवला, माशाच्या बाजूला वरचं टोक येईल असा. वरून दुपटं घातलं आणि कडा खाली खोचल्या. मग तिथेच फरशीवर बसलो, खाली वाकलो, आणि त्या दुपट्याजवळ तोंड नेऊन, बारशाला माझ्या बहिणीनं सांगितलं होतं तसं, तिचं नाव सांगितलं.

"कुर्रर्र... शाल्मली."